मुंबईच्या हवेत हाताने गिटार बांधताना: लाकूड, ओलावा आणि कामाचा क्रम

पटाशी (धागाकर्ता)

स्टीलच्या तारांची अकूस्टिक गिटार घरच्या खोलीत, मुख्यतः हातअवजारांवर बांधणाऱ्यांसाठी हा धागा काढतोय. मापं सगळीकडे मिळतात. अडचण अशी की बहुतेक परदेशी पुस्तकं आणि व्हिडिओ खोलीतली आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आसपास आहे असं धरून चालतात. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये ती ८० च्या वर असते. मापं तीच ठेवली तरी कोणतं काम कधी करायचं हे आपल्याला स्वतः ठरवावं लागतं.

लाकूड हवेतल्या ओलाव्याप्रमाणे स्वतःतलं पाणी कमीजास्त करतं. आर्द्रता ४५ टक्के असेल तर लाकडात साधारण ८ ते ९ टक्के पाणी राहतं. ८० टक्के असेल तर १५-१६. स्प्रूसची (टॉपसाठी वापरतात त्या सूचीपर्णी लाकडाची) क्वार्टर-सॉन फळी (जिची वलयं पृष्ठभागाला काटकोनात उभी आहेत अशी) पाण्यातल्या दर एक टक्का बदलामागे आडव्या दिशेने सुमारे ०.१५ टक्के हलते. गिटारच्या टॉपची (पुढच्या पातळ फळीची) खालची रुंदी ४०० मिमी धरा. पाण्यात ७ टक्क्यांचा फरक पडला तर तो टॉप ४ मिमीपेक्षा जास्त आकसू पाहतो. पण त्याच्या पोटाला आडव्या-तिरक्या ब्रेस (आधाराच्या लाकडी पट्ट्या) चिकटवलेल्या असतात आणि त्या त्यांच्या लांबीत जवळजवळ आकसत नाहीत. टॉपला जागा मिळत नाही, आणि तो मधल्या सांध्यापाशी किंवा ब्रिजच्या (टॉपवर तारा अडकवायच्या लाकडी ठोकळ्याच्या) मागे चिरतो.

त्यामुळे माझ्या मते पहिला नियम हा: कोरड्यात बांधलेली गिटार पावसाळ्यात फुगते, तारा उंच होतात, पण ती टिकते. ओलाव्यात बांधलेली गिटार एसीच्या खोलीत गेली की फाटते. फुगलेली गिटार सॅडल (ब्रिजमधली तारा टेकण्याची पट्टी) घासून वाजवता येते, फाटलेल्या टॉपला मात्र आतून पट्ट्या लावाव्या लागतात.

या धाग्यातल्या आकड्यांसाठी एकच गिटार धरू: स्केल (तारेची वाजणारी लांबी) ६४५ मिमी, १४ व्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे बोटांखालची धातूची आडवी पट्टी) बॉडीला मिळणारी नेक (गिटारची मान), बोल्टने जोडलेली. बाकीच्यांनी लाकूड, सरस, फ्रेट, पॉलिश यांवर लिहावं.

वखारवाला

लाकडाचं सांगतो. टॉपसाठी सिट्का किंवा युरोपियन स्प्रूसला पर्याय शोधण्यात वेळ घालवू नका, पहिल्या गिटारला तर नकोच. घनता ४०० ते ४५० किलो प्रति घनमीटर आणि त्या मानाने भरपूर ताठपणा, हे गणित आपल्या वखारीतल्या कोणत्याही लाकडात तसं जमत नाही. पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन हलकं असतं, पण गाठी असतात आणि नस (तंतूंची दिशा) सरळ नसते. टॉपचा संच आयात केलेलाच घ्या, ऑनलाइन मिळतो.

बाकी सगळं इथलं चालतं. बॅक आणि साइडसाठी आपला शिसव, ज्याला जग ईस्ट इंडियन रोझवूड म्हणतं. १९६९ च्या सुमाराला ब्राझीलने रोझवूडच्या ओंडक्यांची निर्यात थांबवल्यावर अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने याच शिसवाकडे मोर्चा वळवला आणि तो आजही तिथल्या गिटारमध्ये असतो. वखारीत 'शीशम' मागाल तर उत्तरेकडचा सिसू मिळेल. तो वेगळा: रंगाने जास्त तपकिरी, नस पिळलेली, आणि पातळ चिरल्यावर वाकडा होण्याची सवय. जांभळट झाक आणि सरळ काळ्या रेघा बघून घ्या.

नेकसाठी महोगनी परंपरेतली. ती नाही मिळाली तर तून बघा. तून महोगनीच्याच कुळातला, वजन त्याच्या जवळपास, आणि मिरजेचे तंबोरे-सतारी करणारे कारागीर हे लाकूड पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत. फिंगरबोर्डला (नेकवरच्या फ्रेट बसवायच्या फळीला) शिसव किंवा ऐन. हो, आपल्या कोकणातला ऐन. फेंडर कंपनी स्क्वायर मालिकेच्या गिटारवर 'इंडियन लॉरेल' नावाने जो फिंगरबोर्ड लावते तो हाच.

मुंबईत रे रोडला दारूखान्याच्या वखारी आहेत, आणि जुनं बर्मा सागवान हवं असेल तर जोगेश्वरी-ओशिवऱ्याचा जुन्या फर्निचरचा बाजार. पाडलेल्या इमारतींतल्या तुळया आणि चौकटी अनेक दशकं वाळलेल्या असतात, हा त्यांचा मोठा गुण. त्यात खिळे असतात. रंधा लावण्याआधी लोहचुंबक फिरवा, नाहीतर पात्याला खाच पडेल.

विकत घेताना फळीच्या डोक्याकडचा काप बघा. वलयं उभी, पृष्ठभागाला ८० ते ९० अंशांत हवीत. पूर्ण फळी तशी मिळत नाही. जाड ओंडक्याच्या गाभ्याजवळून चिरलेल्या फळीच्या दोन्ही कडांना असा भाग असतो, तेवढाच कापून घ्या. वखारीत माल घनफुटाने मिळतो आणि आपल्याला लागतो अगदी थोडा, म्हणून आडमापाचे तुकडे कुठे ठेवतात ते विचारा. स्वस्त आणि आपल्या कामाचे तेच.

सातवा_फ्रेट

वखारवाले, सागवानाच्या नेकबद्दल तुमचं मत काय? त्यात हालचाल फार कमी असते म्हणून मुंबईसाठी योग्य वाटतं.

वखारवाला

हालचालीच्या बाबतीत सागवान उत्तमच. दोन गोष्टी सांभाळा. एक, त्यात तेल असतं. चिकटवण्याआधी दोन्ही बाजू ॲसिटोनने पुसा आणि कोरड्या होताच सरस लावा. तासभर तसंच ठेवलं तर तेल परत वर येतं. शिसवालाही हेच लागू. दुसरं, सागवानात सिलिका असते, तिने पटाशीची धार लवकर मरते. एका नेकच्या कोरीवकामात पाच-सहा वेळा दगडावर जायची तयारी ठेवा. वजन महोगनीपेक्षा थोडं जास्त भरतं, पण अकूस्टिकमध्ये त्याने तोल बिघडत नाही. डोकं (खुंट्यांचा भाग) मात्र १५ मिमीपेक्षा जाड ठेवू नका.

गिटार परदेशी पाठवणाऱ्यांसाठी: २ जानेवारी २०१७ पासून ब्राझिलियन रोझवूड सोडून (तो आधीच पहिल्या परिशिष्टात) डालबर्जियाच्या, म्हणजे शिसव ज्यातला त्या झाडांच्या गटाच्या, सगळ्या जाती सायटेसच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आल्या. २०१९ च्या नोव्हेंबरपासून पूर्ण तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. ब्राझिलियन रोझवूडला ती सूट नाही. सुटं लाकूड, अर्धवट भाग यांनाही नाही. म्हणून अर्धवट गिटार कुरियरने पाठवू नका.

मोहर

आर्द्रता मोजायचं कोणी बोललं नाही. बाजारातल्या स्वस्त डिजिटल मीटरवर तसाच विश्वास ठेवू नये, दहा टक्क्यांची चूक सहज असते. तपासणी घरी होते. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, थोडं पाणी घालून ओलसर लगदा करा. मीठ पूर्ण विरघळता कामा नये. झाकण आणि मीटर दोन्ही घट्ट डब्यात आठ-दहा तास बंद ठेवा. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मीटर ६९ दाखवत असेल तर त्यात कायम ६ मिळवायचे.

आता कोरडी जागा कशी करायची. सगळी खोली कोरडी ठेवायला डीह्युमिडिफायर लागतो. तो नसेल तर प्लायचं कपाट करा: ६० सेंमी रुंद, ६० खोल, उंची आपल्या सोयीने. खाली ४० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब, वर दोन भोकं. साधं भौतिकशास्त्र आहे: ३० अंशाला ८५ टक्के आर्द्रता असलेली हवा ४० अंशापर्यंत तापवली की तिचीच आर्द्रता ४९ टक्क्यांवर येते. बल्बला थर्मोस्टॅट लावा, लॅमिंग्टन रोडला मिळतो. ४२ च्या वर जाऊ देऊ नका, आणि बल्ब व लाकूड यांच्यात पत्र्याचा आडोसा हवाच.

लाकूड कोरडं झालं की नाही हे वजनाने ठरवा. टॉपचा प्रत्येक अर्धा भाग स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज तोला आणि आकडा पेन्सिलीने लाकडावरच लिहा. सलग चार दिवस वजन एका ग्रॅमच्या आत राहिलं की लाकूड हवेशी जुळलं. पिनांचा मीटर ३ मिमीच्या फळीवर नीट चालत नाही, शिवाय भोकं पडतात.

पटाशी

मोहर, अगदी उपयोगी. यावरून वर्षाचं वेळापत्रक मांडतो. कोरडी हवा प्रत्येक कामाला लागत नाही. जिथे एका लाकडाच्या नसेवर दुसऱ्याची नस आडवी चिकटते तिथेच ती लागते: टॉप-बॅकवर ब्रेस चिकटवणं, ब्रिज प्लेट (ब्रिजच्या खाली आतून लावायची फळी), आणि पेटी बंद करणं.

म्हणून जून ते सप्टेंबर: साचा, नेकचा स्कार्फ जोड (डोकं तिरकं जोडण्याचा सांधा), ट्रस रॉडची (नेकचा बाक जुळवणाऱ्या आतल्या धातूच्या दांड्याची) खाच, फिंगरबोर्डवर फ्रेटच्या खाचा, साइड वाकवणं. ऑक्टोबरपासून टॉप-बॅकचे संच कपाटात. डिसेंबर ते फेब्रुवारी: सांधणं, ब्रेसिंग, पेटी बंद करणं. या महिन्यांत दुपारच्या वेळी मुंबईची हवाही बरीच उतरते, कपाटावरचा भार कमी होतो. मार्च-एप्रिलमध्ये पॉलिश. कपाट आणि कोरडी खोली दोन्ही असतील तर बारा महिने काम करता येईल, पण ब्रेस चिकटवताना लाकूड कपाटातून बाहेर आल्यापासून क्लॅम्प लागेपर्यंत पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ जाऊ नये. पातळ स्प्रूस भराभर पाणी पितो.

साइड वाकवण्याचं थोडक्यात. जाडी २ मिमी, ठिकठिकाणी मोजून. साधारण ५० मिमी व्यासाचा धातूचा पाइप आतून तापवायचा, पृष्ठभाग १५० अंशांच्या आसपास. पाण्याचा थेंब टाकला की तो चुरचुरत लगेच उडून गेला पाहिजे. सुरुवात कंबरेपासून, कारण तिथला बाक सगळ्यात तीव्र. शिसव रात्रभर भिजवू नका. फवारा मारला तरी पुरतो, जास्त पाण्याने तो आडवा कपासारखा वळतो आणि त्याचा रंग उतरून डाग पडतात. लाकूड हाताखाली मऊ पडेपर्यंत ढकलू नका, ते स्वतःहून वाकायला लागतं तेव्हा जाणवतं. वाकल्यावर साच्यात आवळून किमान दोन दिवस.

सातवा_फ्रेट

फ्रेटच्या खाचांवर लिहितो, कारण इथली चूक नंतर कशानेच दुरुस्त होत नाही.

सूत्र: उरलेली लांबी भागिले १७.८१७. पण एका फ्रेटपासून पुढचा असं मोजत गेलात तर प्रत्येक वेळची बारीक चूक साठत जाते. सगळी अंतरं नटपासूनच (डोक्याजवळच्या तारा टेकण्याच्या पट्टीपासूनच) मोजा. ६४५ च्या स्केलला पहिला फ्रेट ३६.२० मिमीवर, दुसरा ७०.३७, तिसरा १०२.६२, पाचवा १६१.८०, सातवा २१४.५१, बारावा ३२२.५०, चौदावा ३५७.६९ आणि विसावा ४४१.८४. मधले स्वतः काढा आणि हे आकडे जुळतात का बघा. पोलादी पट्टी एकदाच टेपने चिकटवून सगळ्या खुणा धारदार सुरीने करा, पेन्सिलीने नको.

खाचेची रुंदी ०.५८ मिमी. साधी टेनन करवत सहसा याहून रुंद कापते. नागदेवी स्ट्रीटला पितळी पाठीच्या बारीक करवती मिळतात, पण दातांचा फाक जास्त असतो. तेलाच्या दगडावर दोन्ही बाजू हलक्या घासून फाक कमी करा आणि टाकाऊ तुकड्यावर कापून फीलर गेजने (ठरलेल्या जाडीच्या पातळ पात्यांनी) मोजा. खाच अरुंद झाली तर वीस फ्रेट वीस पाचरींसारखे काम करतात आणि नेक मागे वाकते. रुंद झाली तर टोकं उठतात.

फिंगरबोर्डची जाडी ६ मिमी, नटपाशी रुंदी ४४, चौदाव्यापाशी ५७, गोलाई ४०६ मिमी त्रिज्येची. गोलाई देण्याआधी खाचा कापा, सपाट फळीवर काटकोन सांभाळणं सोपं जातं. फ्रेटची तार 'निकेल सिल्व्हर' नावाने विकली जाते. त्यात तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदी नसते. मुंबईच्या घामट हवेत ती हिरवट पडते. स्टेनलेस घेतलीत तर हा त्रास संपतो, पण कानस लवकर झिजते आणि कडा घासायला दुप्पट वेळ जातो.

फिंगरबोर्ड नेकला चिकटवताना पाण्याचा सरस वापरू नका. पाणी फळीच्या खालच्या बाजूने आत जातं, ती बाजू फुगते आणि सुकेपर्यंत नेक वळलेली असते. सावकाश सुकणारा इपॉक्सी वापरा. ट्रस रॉडच्या खाचेवर आधी अरुंद टेप लावा, इपॉक्सी पसरा, मग टेप काढा. रॉडला चिकटलेला इपॉक्सी म्हणजे कायमचा बंद पडलेला रॉड.

चपडी

पटाशींनी पाण्याच्या सरसाचा विषय काढला नाही, सातवा_फ्रेट यांनी अर्धा काढला. सरस हा वेगळाच विषय आहे.

सुताराकडचा पांढरा पीव्हीए गिटारच्या ताणाखालच्या सांध्यांना वापरू नये. तो सुकल्यावरही किंचित लवचिक राहतो, आणि सतत ओढ असली की महिन्यांमागून महिने हळूहळू सरकतो. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत गिटार राहिली तर आणखी लवकर. पिवळा ॲलिफॅटिक सरस बरा, सुमारे ६५ अंशाला मऊ होतो. तो गुण दुरुस्तीच्या वेळी कामाला येतो.

ब्रेस आणि ब्रिजसाठी सगळ्यात चांगला जनावरी सरस. दाणे तिप्पट वजनाच्या थंड पाण्यात तीन-चार तास फुगवा, मग पाण्याच्या आंघोळीत ६० अंशापर्यंत गरम करा. ७० च्या वर त्याची ताकद मरते, म्हणून थर्मामीटर कायम आत ठेवा. ब्रशवरून मधासारखा सलग गळला पाहिजे; थेंबाथेंबाने गळला तर पाणी जास्त, तुटून पडला तर पाणी कमी. अडचण एवढीच की तो मिनिटाभरात जेली होतो. दोन्ही लाकडं हेअर ड्रायरने कोमट करून घ्या, क्लॅम्प आधीच कोरडे लावून पाहा. पावसाळ्यात तयार सरस दुसऱ्या दिवशी आंबतो. फ्रीजमध्ये ठेवा, आणि तरी आठवड्यापेक्षा जुना वापरू नका.

मोहर

चपडीताई, जनावरी सरस पावसाळी हवेत ओला होऊन सुटत नाही का? हा प्रश्न नेहमी विचारला जातो.

चपडी

सुटायला पाणी आणि उष्णता दोन्ही एकत्र लागतात. नुसत्या ८५ टक्के हवेत नीट बसलेला सांधा सुटत नाही. आपल्याकडच्या जुन्या सतारी, तंबोरे, व्हायोलिनं याच सरसावर अनेक पावसाळे काढतात. सुटतात ते सांधे ज्यांच्यात फट होती आणि ती सरसाने भरली होती. जनावरी सरस फट भरत नाही. दोन लाकडं उजेडासमोर धरली तर मधून प्रकाश दिसता कामा नये, इतका रंधा नीट लागला पाहिजे.

पटाशी

आता ब्रेसिंग. एक्स ब्रेसिंग (दोन मुख्य ब्रेस एक्ससारख्या छेदणारी रचना) १८४० च्या दशकापासून मार्टिनच्या गिटारमध्ये दिसतं. आज स्टीलच्या तारांना तेच का, तर हलक्या १२ च्या (सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंच) संचाची एकत्र ओढ सुमारे ७३ किलो असते. नायलॉनच्या तारांची ओढ याच्या निम्म्याच्या आसपास, म्हणून तिथे स्पॅनिश गिटारकार तोर्रेसच्या पद्धतीचं पंख्यासारखं ब्रेसिंग पुरतं. दोन्हींची सरमिसळ करू नका.

टॉप शिसवापेक्षा मऊ, म्हणून सुरुवातीला २.८ मिमी ठेवा, कडेला २.४ पर्यंत उतरवता येतो. ब्रेसचं स्प्रूस करवतीने चिरू नका, कुऱ्हाडीच्या पात्यासारखी जाड पटाशी ठोकून फोडा. फोडलेला तुकडा नसेच्या रेषेत फुटतो, चिरलेला नाही. नस लांबीला सरळ नसेल तर ब्रेस ताणाखाली तिरकी चिरते. वलयं उभी.

एक्सच्या दोन्ही पट्ट्या ८ मिमी रुंद, छेदापाशी १५ उंच. छेद साउंडहोलच्या कडेपासून ३८ मिमी खाली, कोन ९८ अंश. साउंडहोल १०० मिमी व्यासाचा. ब्रेसच्या खालच्या बाजूला ८.५ मीटर त्रिज्येची गोलाई द्या. ४०० मिमी रुंदीवर ती फक्त २.४ मिमी उंच भरते, पण पावसाळा-हिवाळा सोसायला टॉपला एवढीच मोकळीक पुरते. बॅकला गोलाई जास्त, ४.६ मीटर त्रिज्येची, म्हणजे तेवढ्याच रुंदीवर ४.३ मिमी.

ब्रेस दाबायला शंभर क्लॅम्प विकत घेण्याची गरज नाही. दोन जाड प्लाय, मध्ये चार खांब, अंतर ६० सेंमी. बुरुडाकडून बांबूच्या कामट्या घ्या, ६१.५ सेंमीच्या कापा आणि वाकवून ब्रेस व छत यांच्यात बसवा. कामटीची जाडी बदलून दाब कमीजास्त करता येतो. आतल्या कडेच्या लायनिंगला (साइडला टॉप-बॅक चिकटायला लावलेल्या पट्टीला) कपड्यांचे चिमटे, दोन रबरबँड गुंडाळून, साधारण साठ लागतात.

कोरताना लक्षात ठेवायचं गणित: ताठपणा उंचीच्या घनात बदलतो आणि रुंदीच्या सरळ प्रमाणात. उंची १५ वरून १३.५ केलीत, म्हणजे दहा टक्के, तर ताठपणा २७ टक्के गेला. रुंदी दहा टक्के कमी केली तर दहाच टक्के जातो. म्हणून वजन कमी करायचं असेल तर बाजू उतरवा, माथ्याला हात लावताना दर दोन फेऱ्यांनंतर थांबा. ठोकून आवाज ऐकण्यावर बरंच लिहिलं जातं. कान तयार व्हायला अनेक टॉप हातांखालून जावे लागतात. तोवर टॉप दोन पट्ट्यांवर टेकवा, मधोमध एक किलोचं वजन ठेवा, किती वाकला ते डायल गेजने मोजा आणि वहीत लिहा. पुढच्या टॉपला तुलना करायला काहीतरी हातात राहतं.

सातवा_फ्रेट

टॉपच्या जाडीलाही तेच घनाचं गणित लागू आहे, हे जोडतो. २.८ चा २.५ झाला की साधारण २९ टक्के ताठपणा गेला. पॉलिश पेपरने घासताना हे सहज होतं. रंधा आणि खरवडणीने मापावर आणा, पॉलिश पेपर फक्त शेवटच्या गुळगुळीतपणासाठी.

वाचक_ठाणे

एका गिटारचा ब्रिज मागच्या कडेने उठला आहे, कागद साधारण ४ मिमी आत जातो. ब्रिज शिसवाचा, बांधून एक वर्ष झालं. पिवळा सरस वापरला होता. कारण काय असावं आणि परत कसा बसवावा?

चपडी

४ मिमी म्हणजे थांबू नका, तारा आत्ताच सैल करा. उठलेली कड बाकीच्या सांध्याला सोलत जाते.

कारणं तीन असतात. सगळ्यात जास्त दिसणारं: ब्रिजच्या कडेखाली पॉलिश राहिलेलं. पॉलिश खरवडताना कड दिसू नये म्हणून लोक एक-दोन मिमी आत थांबतात, आणि नेमकी तीच कड सगळा उपटण्याचा जोर घेते. दुसरं, शिसवाचं तेल पुसलेलं नसतं. तिसरं, टॉपची गोलाई आणि ब्रिजचा सपाट तळ यांच्यात फट, जी क्लॅम्पने दाबून बंद केलेली असते. लाकूड आयुष्यभर ती उघडायचा प्रयत्न करतं.

काढताना ब्रिजवर इस्त्रीसारखा तापवलेला पोलादी ठोकळा ठेवा, आजूबाजूला पुठ्ठा आणि ॲल्युमिनियम फॉइल. पातळ, बोथट सुरी गरम करून मागच्या कडेने आत सारा, स्प्रूसच्या नसेच्या दिशेने. घाई केली तर टॉपचे तंतू ब्रिजबरोबर निघतात. मग टॉपवर पॉलिश पेपर उलटा चिकटवा आणि ब्रिजचा तळ त्यावर घासा, म्हणजे तळ टॉपच्याच आकाराचा होईल. खालचं पॉलिश कडेपर्यंत खरवडा. ॲसिटोन, लगेच सरस, आतून ब्रिज प्लेटखाली आधार देऊन तीन खोल क्लॅम्प. किमान १२ तास क्लॅम्पमध्ये, आणखी दोन दिवस तारांशिवाय. हे काम कोरड्या दिवशी करा.

मोहर

ब्रिजच्या जागेचं राहू नये. सॅडल बरोबर ६४५ वर ठेवला तर गिटार बेसूर होते, कारण तार फ्रेटवर दाबताना ताणली जाते आणि सूर चढतो. बारीक ई तारेला सुमारे २ मिमी मागे, जाड ईला ४.५ ते ५ मिमी. म्हणून सॅडल तिरका. बी तार तरीही थोडी चढी वाटते. सॅडलच्या माथ्यावर तिचा टेकायचा बिंदू मागच्या कडेला न्या. सॅडल आणि नट हाडाचे करा. प्लास्टिकचं मऊ पडतं आणि तार त्यात रुतते.

पटाशी

नेकच्या कोनाबद्दल एक हिशेब, कारण पेटी बंद झाल्यावर तोच एक धागा हातात उरतो. फ्रेटवर सरळ पट्टी ठेवली की तिचं टोक ब्रिजच्या माथ्यावर अलगद टेकलं पाहिजे. ब्रिज ९ मिमी जाड. बॉडीच्या सांध्यापासून सॅडल सुमारे २८७ मिमी, हीलची (नेकच्या बॉडीकडच्या बुडाची) उंची ९० मिमी. हीलच्या खालच्या टोकाशी अर्धा मिमी काढलात तर पट्टीचं टोक ब्रिजपाशी १.६ मिमी उचललं जातं. म्हणून कागदाच्या जाडीने काम करा: सांध्यात पॉलिश पेपरची पट्टी, खरखरीत बाजू हीलकडे, नेक दाबून ती ओढा, दर दोन ओढींनंतर फ्रेटवर सरळ पट्टी ठेवून तपासा. दोन्ही बाजूंना सारख्या ओढी द्या, नाहीतर नेक डावी-उजवीकडे वळेल.

एम-६ चे दोन बोल्ट पुरतात. डव्हटेलचा (बोल्टशिवाय खाचेत अडकणारा, चिकटवलेला) सांधा सुंदर दिसतो, पण मुंबईत टॉप वर्षानुवर्षं फुगत-बसत असतो आणि केव्हा तरी कोन परत द्यावा लागतो. बोल्ट सोडवून ते काम एका दुपारी होतं.

चपडी

पॉलिश. एन.सी. (नायट्रोसेल्युलोज) लॅकर जून ते सप्टेंबर फवारूच नका. थिनर उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि लॅकरच्या आत पांढरट ढग अडकतो. रिटार्डर (थिनर सावकाश उडवणारं द्रव्य) घालून थोडं टळतं, पूर्ण नाही. शिवाय बंद खोलीत त्या वाफा आगीच्या आणि फुप्फुसाच्या दृष्टीने घातक. फर्निचरवाले मेलामाइन आणि पीयू (पॉलियुरेथेन) सुचवतात. ते कणखर असतं, पण हौशी हाताने थर जाड होतो आणि टॉप दाबला जातो.

हातकामाला चपड्याचं फ्रेंच पॉलिश. लाखेचा व्यवसाय आपल्याच देशातला, मुख्यतः झारखंडचा. रांचीजवळ नामकुमला लाखेवरची संशोधन संस्था १९२४ मध्ये सुरू झाली. मेण काढलेल्या पातळ पापड्या घ्या. प्रमाण: एक लिटर स्पिरिटला २४० ग्रॅम, म्हणजे २०० मिलीला ४८. एका गिटारला ४०० मिली पुरते. काचेच्या बरणीत रात्रभर, मध्येमध्ये हलवून, मग सुती कापडातून गाळा. जुनं द्रावण नीट सुकत नाही. काचेवर थेंब टाका, दुसऱ्या दिवशी नखाचा ठसा उमटला तर ते फेका. तीन-चार महिन्यांत संपेल एवढंच कालवा.

शिसवाची छिद्रं आधी भरावी लागतात: प्युमिसची बारीक पूड, स्पिरिटने ओला बोळा, गोल गोल फिरवत. स्प्रूसवर प्युमिस नको, राखाडी होतं. त्याला आधी चपड्याचा एक पातळ हात द्या, नाहीतर शिसवाचा जांभळा रंग स्पिरिटबरोबर पांढऱ्या टॉपवर पसरतो. बोळ्याच्या तळाला ऑलिव्ह तेलाचा एकच थेंब. एका बैठकीत एका जागेवरून सात-आठ फेऱ्या, मग पुढची बाजू; चिकटायला लागलं की थांबायचं. दिवसाला दोन बैठका, दहा-बारा दिवस. ब्रिजची जागा आधीच टेपने झाकून ठेवा, म्हणजे वाचक_ठाणे यांच्या ब्रिजसारखं खरवडायला लागणार नाही.

सातवा_फ्रेट

शेवटच्या जुळवणीची मापं देतो. फ्रेट सपाट करायला सरळ पट्टीवर ३२० चा कागद, आधी माथ्यांवर मार्करने शाई. सगळ्या माथ्यांवरची शाई जाताच थांबा. मग क्राउन कानस (माथ्याला परत गोलाई देणारी), ४०० पासून २००० पर्यंत कागद.

तारा लावल्यावर नेक दोन दिवस बसू द्या. पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर तार दाबून सातव्यापाशी फट ०.२ मिमी. जास्त असेल तर ट्रस रॉडची चावी घड्याळाच्या दिशेने, एका वेळी पाव फेरा. नटच्या खाचा: तिसऱ्या फ्रेटवर दाबल्यावर पहिल्या फ्रेटवर जेमतेम कागदाएवढी फट. त्यानंतर बाराव्या फ्रेटवर जाड ई २.४ मिमी, बारीक ई १.९. सॅडल १ मिमी घासला की बाराव्यावर अर्धाच मिमी उतरतो.

आणि मुंबईसाठी सॅडल दोन करून ठेवा. हिवाळ्यातला उंच, पावसाळ्यातला त्यापेक्षा ०.८ ते १ मिमी बुटका. जुलैत टॉप वर आला की बुटका घालायचा, डिसेंबरात परत उंच. मागे महिना पेन्सिलीने लिहा, दोन्ही सॅडल दिसायला सारखेच असतात.

वाचक_ठाणे

ब्रिज काढला. कडेखाली दोन मिमीची पॉलिशची पट्टी होती, चपडीताईंनी सांगितलं तशीच. तळ घासून बसवतोय. एक प्रश्न: आतून आधार द्यायला साउंडहोलमधून ठोकळा जातो, पण ब्रेसवर टेकतो. काय करावं?

चपडी

ठोकळा ब्रिज प्लेटच्या मापाचा करा आणि एक्सच्या दोन पट्ट्या जिथे येतात तिथे त्याला खाचा कापा, ब्रेसपेक्षा २ मिमी जास्त खोल. वर मेणकागद लावा, म्हणजे पिनच्या भोकांतून उतरलेला सरस ठोकळ्याला धरणार नाही. सरस लावण्याआधी एकदा सगळं कोरडं आवळून, आत छोटा आरसा आणि टॉर्च घालून ठोकळा फक्त प्लेटवरच टेकलाय ना ते बघा.